मोजणीत नसलेलं मांजर

२५ ऑक्टोबर २०२४ला देशात एकविसावी पशुगणना सुरू झाली. प्रगणकांनी घरोघर जाऊन गायी, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरं, घोडे, गाढवं, उंट मोजायचे होते. यादीत कुत्रा होता, ससा होता, हत्तीसुद्धा होता. मांजराचं नाव मात्र तिथं नाही. वाशीम जिल्ह्यात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कुठल्याही गावात जा, सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीवर, कोठ्यातल्या गव्हाणीत, नाहीतर कवेलूंच्या छपरावर एखादं मांजर पहुडलेलं दिसतंच. उंदरांपासून धान्य राखण्याचं काम ते बिनपगारी करतं. तरी मोजणीत त्याला जागा नाही.

धडधाकट मांजराची ही गत, मग लंगड्या, आंधळ्या, बहिऱ्या, म्हाताऱ्या मांजराला कोण विचारणार? नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसं अशा मांजराचं ओरडणंसुद्धा लोकांना अपशकुनी वाटतं. वास्तविक यातल्या बहुतेक मांजरांच्या गरजा अगदी थोड्या असतात. लोक मागं सरतात, कारण त्या व्यंगाला नेमकं काय लागतं आणि काय लागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मुंबईत ‘वर्ल्ड फॉर ऑल’सारख्या संस्था दत्तक मेळावे भरवतात. रस्त्यावरून आणलेली पिल्लं तिथं लोकांपुढं येतात आणि पसंत पडली की घरी जातात. वाशीममधली रीत निराळी आहे. इथं मांजर आणायला कुणी जात नाही, मांजरच घर निवडतं. परसात रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात किंवा कुटाराच्या उबेत मांजरी विते. महिना-दीड महिन्यानं पिल्लं बाहेर यायला लागली की शेजारपाजारचे बघून जातात. चांगलं गुबगुबीत, ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू कुणीतरी नेतं, बोका हवा असलेला बोका नेतो. मागं उरतं ते डोळे चिकटलेलं, नाहीतर चालताना झोकांड्या खाणारं. त्याला ठेवून घेतलं, तर ‘कायले ठेवलं वं हे लंगडं?’ असं विचारणारं कुणीतरी भेटतंच. या उरलेल्या पिल्लाचं पुढं काय होतं, यावर हा सगळा विषय येऊन थांबतो.

डोळ्यांपासूनच सुरुवात करू, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त घात तिथंच होतो. मांजराच्या पिल्लाचे डोळे जन्मानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. त्या सुमारास मांजरांना होणाऱ्या हर्पिस विषाणूचा संसर्ग झाला, की पापण्यांच्या आत पू साठतो, वर चिपडं वाळून पापण्या शिवल्यासारख्या बंद होतात आणि आतल्या आत बुबुळाला जखम होते. हा विषाणू मांजरांपुरताच आहे, माणसाला तो लागत नाही. वेळेवर लक्ष गेलं तर उपाय साधा असतो. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पापणीवर मिनिटभर धरायचा, चिपड मऊ पडलं की नाकाकडून बाहेरच्या बाजूला हलकेच पुसायचं, दर वेळी नवा बोळा घ्यायचा, आणि पशुवैद्यकानं दिलेलं मलम लावायचं. घरातल्या कुणाचे तरी उरलेले डोळ्यांचे थेंब घालणं हा मोठा धोका. त्यात स्टेरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली, तर वाचू शकणारा डोळाही जातो.

समजा डोळे गेलेच, तर काय बिघडतं? आपल्याला वाटतं त्याहून बरंच कमी. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० हजारांच्याही पलीकडचा येतो, कारण उंदराची चिवचिव त्याच पट्ट्यात असते. आंधळं मांजर नव्या खोलीत आलं की आधी भिंतीच्या कडेनं चालतं. मिशा भिंतीला घासत कोपऱ्यापर्यंत जातं, तिथून वळतं, खाटेचा पाय हुंगतं, परत फिरतं. दोन-तीन दिवसांत खोलीचा सगळा नकाशा त्याच्या डोक्यात पक्का होतो. मग ते धावतं, उडी मारतं, माशीच्या गुणगुणीवर झेप घेतं. घरच्यांनी पाळायच्या गोष्टी दोनच, पाण्याचं भांडं आणि मातीचा ट्रे रोज नव्या जागी हलवायचा नाही. आणि उघडी विहीर असलेल्या वाड्यात अशा मांजराला मोकळं सोडायचं नाही.

अमेरिकेतल्या होमर नावाच्या बोक्याची गोष्ट मांजरप्रेमींच्या जगात प्रसिद्ध आहे. १९९७ साली मायामीत तो पशुवैद्यकाकडे आला, तेव्हा जेमतेम काही आठवड्यांचा होता आणि डोळ्यांतला संसर्ग इतका वाढला होता की दोन्ही डोळे काढावे लागले. गावोगावच्या पऱ्हाट्यांत पिल्लांचं जे होतं, तेच त्याचं झालं होतं. तिथंही आंधळं मांजर घ्यायला लोक तयार होईनात. शेवटी ग्वेन कूपर या तरुणीनं त्याला घरी नेलं. या बिनडोळ्यांच्या बोक्यानं पुढं रात्री घरात शिरलेल्या चोराला गुरगुरून पळवून लावलं. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमधल्या घराजवळचे रस्ते बंद झाले, तेव्हा मालकीण परत येईपर्यंत त्यानं दोन सोबती मांजरांसह घरात तग धरला. कूपर यांनी २००९ साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं. होमर २०१३ साली गेला, म्हणजे तो १६ वर्षं जगला. डोळस मांजराच्या मानानंसुद्धा हे भरपूर आयुष्य झालं.

झोकांड्या खाणाऱ्या पिल्लाबद्दल गैरसमज याहून मोठे आहेत. अशा पिल्लाला मिरगी आहे, करणी झाली आहे, ते जगणार नाही, असं काहीही बोललं जातं. बहुतेक वेळा कारण असतं पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणू. गाभण मांजरीला शेवटच्या टप्प्यात त्याची बाधा झाली, किंवा पिल्लाला जन्मल्याबरोबर पहिल्या दिवसांत झाली, तर पिल्लाच्या लहान मेंदूची वाढ अर्धवट राहते. लहान मेंदूचं काम हालचालींचा ताळमेळ राखण्याचं. तो कच्चा राहिला की पाय फाकतात, मान डुलते, आणि मांजर एखाद्या गोष्टीकडे जितकं नेमकं जायला बघतं तितका थरकाप वाढतो. ताटलीत तोंड घालताना तर हे फार दिसतं. मान वर-खाली होते, नाक दुधात बुडतं, पिल्लू शिंकतं आणि पुन्हा तोंड घालतं.

बघणाऱ्याच्या पोटात कालवतं, पण पिल्लाला वेदना नसतात. ही अवस्था वयानुसार वाढत नाही, दुसऱ्या मांजराला लागत नाही आणि आयुष्यही कमी करत नाही. पिल्लू जन्मापासून असंच चाललेलं असतं, त्याला दुसरी चाल ठाऊकच नसते. त्याला हवं एक जड, उथळ भांडं, विटेवर ठेवून थोडं उंच केलेलं, आणि पायाला पकड देणारी जमीन. इथं खेड्यातलं जुनं घर शहरातल्या फ्लॅटवर मात करतं. गुळगुळीत फरशीवर हे मांजर सारखं घसरतं, शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्याचे पाय टेकतात. फरशीचं घर असेल तर त्याच्या वाटेवर गोणपाट अंथरलं की भागतं. एवढ्यावर हे मांजर पंधरा वर्षं काढू शकतं, आणि एवढ्यासाठी ते उकिरड्यावर सोडलं जातं, ही गोष्ट मनाला लागते.

बहिरेपण मात्र कुणाला दिसतच नाही. पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं मांजर म्हटलं की लोक हजारो रुपये मोजायला तयार होतात. चार्ल्स डार्विननं १८५९च्या आपल्या ग्रंथातच नोंदवलं होतं, की निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात. पुढच्या अभ्यासातून चित्र अधिक नेमकं झालं. केस पांढरे करणारं जनुक अंगातल्या रंगपेशी घालवतं, आणि आतल्या कानालाही त्याच पेशींची गरज असते. त्या नसल्या की जन्मानंतर थोड्याच दिवसांत कान निकामी होतो. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांत निम्म्याहून अधिक बहिरी निघतात. हौसेनं आणलेलं मांजर हाक मारली तरी येत नाही, रात्री गळा काढून ओरडतं, म्हणून ते हट्टी ठरतं आणि सोडून दिलं जातं. खरं तर त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नसतो. त्याला बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटावा, दिव्याची उघडझाप करावी. रस्त्यावर मात्र त्याला कधीच जाऊ देऊ नये, मागून येणारी मोटारसायकल त्याला कळत नाही.

पायांचं दुखणं आपल्याकडे दुचाकींमुळं आणि शेतातल्या यंत्रांमुळं येतं. सोयाबीनच्या काढणीला हार्वेस्टर आणि मळणीयंत्रं शिवारात उतरतात, तेव्हा उंदरांमागं पिकात शिरलेलं मांजर कधी कधी त्यात सापडतं. ऑक्टोबर २००९मध्ये जर्सी बेटावर ऑस्कर नावाच्या मांजराचे मागचे दोन्ही पंजे असेच हार्वेस्टरनं कापले गेले. इंग्लंडमधले शल्यविशारद नोएल फिट्झपॅट्रिक यांनी त्याच्या घोट्याच्या हाडांत धातूचे खुंट बसवले आणि त्यांवर कृत्रिम पंजे लावले. ती बातमी जगभर गाजली. वाशीमच्या माणसानं मात्र ती वाचून निराश होऊ नये. एकच पाय गेला असेल, तर मांजराला असलं काही लागत नाही. चिरडलेला पाय वरून, खांद्याजवळून किंवा मांडीजवळून काढला, की तीन पायांचं मांजर काही आठवड्यांत भिंतीवर चढायला लागतं. पाय अर्धवट ठेवला तर ते त्याचं थोटूक जमिनीवर टेकवायला बघतं आणि जखम भरत नाही, म्हणून डॉक्टर तो वरूनच काढतात. घरच्यांना ते क्रूर वाटतं, पण मांजराच्या भल्याचं तेच असतं. कंबरेचं हाड मोडलेल्या कित्येक मांजरांना तर शस्त्रक्रियाही लागत नाही. चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात किंवा मोठ्या लाकडी खोक्यात बसवून ठेवलं, उड्या मारू दिल्या नाहीत, तर हाड आपोआप जुळतं.

एका बाबतीत मात्र खरं सांगायला हवं. पाठीचा कणा मोडून मागचा भाग लुळा पडलेलं मांजर सांभाळणं सोपं नाही. त्याला लघवी आपणहून करता येत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा पोट दाबून ती काढावी लागते, नाहीतर मूत्राशय तुंबतं, संसर्ग होतो आणि मांजर जातं. दिवसभर शेतात असणाऱ्या घरानं नुसत्या कळवळ्यापोटी असं मांजर आणू नये. ज्याच्या घरी कायम माणूस आहे आणि हात शिकायला तयार आहे, त्यानंच ते घ्यावं.

मांजरांच्या एड्सचा उल्लेखही इथं करायला हवा, कारण नाव ऐकूनच लोक मांजर टाकतात. एफआयव्ही हा विषाणू १९८६ साली कॅलिफोर्नियात सापडला. तो प्रामुख्यानं बोक्यांच्या भांडणातल्या खोल चाव्यांतून पसरतो आणि माणसाला होत नाही. बाधा झालेलं मांजर घरात ठेवलं, त्याची नसबंदी केली, तर ते वर्षानुवर्षं जगतं.

काळ्या मांजराला तर काही झालेलंही नसतं. त्याचा गुन्हा एवढाच, की ते आडवं जातं. जुने लोक याचं एक कारण सांगतात. रात्री बैलगाडीच्या वाटेत मांजराचे डोळे कंदिलाच्या उजेडात चमकले की बैल बुजायचे, म्हणून गाडीवान क्षणभर थांबायचा. कारण खरं असो वा नसो, डोळे चमकतात ते पडद्यामागच्या परावर्तक थरामुळं, आणि तो थर पांढऱ्या मांजरालाही असतो. ब्रिटनमध्ये काळं मांजर आडवं गेलं तर नशीब उघडलं असं अनेक जण मानतात. तरी तिथंही ‘कॅट्स प्रोटेक्शन’ या संस्थेला काळ्या मांजरांना घर मिळावं म्हणून २७ ऑक्टोबर हा खास दिवस पाळावा लागतो.

घरातलं जुनं, माणसाळलेलं मांजर ज्या कारणानं बाहेर जातं, ते कारण यापेक्षा नाजूक आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असते. कुणीतरी सांगतं की मांजरामुळं पोटातल्या बाळाला धोका असतो. मग एका संध्याकाळी मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलं जातं. हे मांजर सात-आठ वर्षांचं असतं, त्याला शिकारीची सवय उरलेली नसते आणि नव्या जागेवरचे बोके त्याला टिकू देत नाहीत.

धोका काय आहे, ते नीट समजून घेऊ. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, हे खरं. पण बहुतेक मांजरं आयुष्यात एकदाच, तेही एक ते तीन आठवडे तो बाहेर टाकतात. शिवाय विष्ठेतून पडल्याबरोबर तो बाधक नसतो, व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणी ट्रेमधली माती रोज बदलली, तर तो मार्ग जवळपास बंद होतो. माणसाला ही बाधा कच्च्या राहिलेल्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीत काम केलेल्या हातांतूनही होते. गरोदर बाईनं मटण नीट शिजवून खावं, पालेभाजी धुवावी, ट्रेला हात लावू नये, शंका असेल तर डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्यावी. एवढं केल्यावर मांजराला घराबाहेर काढायचं कारण उरत नाही. बाळाची राखणदार मानली जाते ती षष्ठीदेवी, आपली सटवाई. बंगालात या षष्ठीचं वाहन मांजर आहे. जिच्या नावानं आपण पाचवी-सहावी पुजतो, तिच्याच वाहनाला बाळाच्या नावानं हाकलतो.

असं सोडून येणं कायद्यालाही मान्य नाही. १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११नुसार, उपासमारीनं किंवा तहानेनं हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा गुन्हा आहे.

काही अपंगत्व तर आपणच माया करता करता आणतो. माळकरी किंवा जैन घरात मांजर दूध-पोळीवर वाढतं. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांस-मासळीत असतं आणि मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. टॉरिन कमी पडलं की मांजर हळूहळू आंधळं होतं, हे १९७५ साली सिद्ध झालं, आणि १९८७ साली कळलं की हृदयही त्यानंच कमकुवत होतं. घरात मांसाहार चालत नसेल तर टॉरिन घातलेलं तयार खाद्य आणावं. चालत असेल तर कोंबडीचं काळीज-हृदय, मीठ-कांदा-लसूण न घालता, उकडलेल्या पाण्यासकट द्यावं, कारण टॉरिन पाण्यात उतरतं.

दुसरी चूक याहून घातक. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल दिलं जातं. हे औषध पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, हिरड्या निळ्या-तपकिरी पडतात, चेहरा सुजतो आणि काही तासांत खेळ आटोपतो. जखमेवर फिनाईल ओतणंही तसंच, मांजर अंग चाटतं आणि ते विष पोटात जातं. जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुवावी आणि दवाखाना गाठावा.

दवाखाना कुठला, हा रास्त प्रश्न आहे. आपली पशुवैद्यकीय व्यवस्था मुळात गाई-बैलांसाठी उभी राहिली. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला मुंबईकर आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, त्या नावातच तिथं कुणासाठी दार उघडलं गेलं ते कळतं. लंगड्या, म्हाताऱ्या जनावरांना ठाव देण्याची पांजरपोळीची रीत आपल्याकडे जुनी आहे, मुंबईची पांजरपोळ १८३४ची. कारंजा आणि शिरपूर ही जैनांची मोठी ठिकाणं याच जिल्ह्यात आहेत, जीवदया इथं कुणाला शिकवावी लागत नाही. ती गोठ्यापासून पऱ्हाट्यांच्या ढिगापर्यंत पोचली, की काम झालं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजर नेता येतं, डॉक्टर परत पाठवत असतील तर आग्रहानं विचारावं. शस्त्रक्रियेची गरज असेल तर वाशीमपासून सुमारे ८० किलोमीटरवर अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तिथं शिकवणाऱ्या डॉक्टरांचं रुग्णालय आहे. प्रवासात मांजर हातात धरू नये. झाकणाच्या टोपलीत जुनं लुगडं घालून, वरून कापड झाकून न्यावं, अंधारात ते शांत बसतं.

नवं मांजर घरात आणल्यावर पहिले दोन आठवडे ते इतर मांजरांपासून वेगळं ठेवा, आलेला आजार तेवढ्यात उघड होतो. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, चार-पाच महिन्यांत नसबंदी करून घ्या. आणि यंदा परसात मांजरी व्याली, तर पिल्लं आठ आठवडे आईजवळ राहू द्या, रोज सकाळी मात्र ढिगात डोकावून बघा. डोळे चिकटलेलं पिल्लू दिसलं तर त्याच दिवशी कोमट पाणी आणि कापूस घ्या. शेजारचे येऊन आपापल्या पसंतीची पिल्लं घेऊन गेले, की उरलेलं तुम्ही ठेवून घ्या.